वाउटर्सने कॅनव्हास कोरा का सोडला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेल्जियन चित्रकार-शिल्पकार रिक वाउटर्सची चित्रं कुणालाही दाखवा, प्रश्न हमखास तोच येतो: ‘एवढा भाग रंगवायचा राहिला का?’ बाहीवर, टेबलावरच्या कापडात, खिडकीपाशी नुसता पांढरा कॅनव्हास दिसत असतो. त्यात हा चित्रकार 33 व्या वर्षी गेला हे कळलं की माणसं उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, बिचाऱ्याला वेळ मिळाला नसणार.

तसं नाही. त्या जागा राहिलेल्या नाहीत, राखलेल्या आहेत. आणि त्या का राखल्या हे समजायला आधी त्याची शिल्पं पाहावी लागतात.

वाउटर्सचा जन्म 1882 चा, बेल्जियममधल्या मेखेलेनचा. वडील फर्निचर बनवणारे. पोरवयातच तो त्यांच्या कारखान्यात लाकडावर नक्षी कोरायला लागला. पुढे मेखेलेनची आणि मग ब्रसेल्सची कला अकादमी, शिक्षण शिल्पकलेचं. रंगकाम त्याने बहुतांशी स्वतःच हाताळत आत्मसात केलं. 1905 मध्ये हेलेन डुअरिंक्सशी लग्न झालं. हिलाच नेल म्हणत. त्याच्या चित्रांत इस्त्री करणारी, वाचणारी, आरशापुढे उभी असलेली बाई बहुतेक वेळा तीच असते, आणि शिल्पांतही तीच.

‘हेट झोटे गेवेल्ट’ हे 1912 चं शिल्प घ्या. नावाचा अर्थ साधारण ‘खुळा आवेग’. अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनचं नृत्य पाहून ते सुचलं, मॉडेल म्हणून उभी राहिली नेल. पुरुषभर उंचीची नग्न स्त्री, एका पायावर तोललेली, दुसरा पाय हवेत भिरकावलेला, हात पसरलेले, डोकं मागे टाकून हसणारी. मातीकाम केलेल्या माणसाला ही पोझ पाहूनच धडकी भरते. ओल्या मातीचं सगळं वजन एका घोट्यावर येतं. आतलं सळ्यांचं आर्मेचर जरा बारीक पडलं की रात्रीतून मांडी खाली बसते, आणि सकाळी चूक शरीररचनेची वाटते, असते सळईची. अशा आकृतीत गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडून तो टेकलेल्या पावलाच्या संदर्भात कुठे पडतो हे रोज तपासावं लागतं. हात-पाय वाट्टेल तिकडे जाऊ देत, एकूण भार त्या पावलावर तोलला गेला नाही, तर नाचणारी बाई पडणारी बाई दिसते.

पण खरी गोष्ट पृष्ठभागात आहे. वाउटर्सने मातीचे गोळे दाबून बसवले आणि बरेचसे तसेच ठेवले, घासून गुळगुळीत केले नाहीत. मातीवरून पुढे ब्राँझ ओततात. घासलेल्या ब्राँझवर पितळी तांब्यावर पडावी तशी एकच लांब चकाकी पडते. इथे प्रत्येक उंचवट्याच्या माथ्याला वेगळा उजेड आणि पोटाला वेगळी सावली मिळते. तुम्ही दोन पावलं सरकलात तरी अंगभर प्रकाश हलतो. म्हणजे उजेड शिल्पकाराने घडवलेला नाही; त्याला थांबायला जागा करून दिली आहे.

हीच युक्ती त्याने कॅनव्हासवर आणली. सुरुवातीच्या चित्रांत रंग जाड आहे, सुरीने थापलेला. मग फ्रेंच चित्रकार सेझानचं काम त्याच्या मनावर बसलं. 1912 मध्ये ब्रसेल्सच्या जॉर्ज जिरू या गॅलरीवाल्याशी करार झाला, हातात पैसा आला, पॅरिसला जाऊन मूळ चित्रं पाहता आली. याच सुमारास तो तैलरंग टर्पेंटाइनने पातळ करून जवळजवळ जलरंगासारखा वापरू लागला. जिथे उजेड हवा तिथे कागद न रंगवता पांढरा सोडणं, याला जलरंगवाले ‘कागद राखणं’ म्हणतात, तेच हे. पांढरा रंग कितीही चांगला असला तरी वरून लावलेला असतो. खालचा पांढरा पातळ रंगातून परत डोळ्यापर्यंत येतो.

करून पाहायचं असेल तर पॅनेलवर करा, म्हणजे प्लायला किंवा हार्डबोर्डला गेसोचे (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात देऊन 220 च्या पॉलिशपेपरने हलकं घासा. जमीन, म्हणजे रंगाखालचा हा थर, थोडी शोषणारी हवी. तेलकट जमिनीवर पातळ रंग थेंब धरून ओघळतो. रंग आधी दहा-पंधरा मिनिटं टीपकागदावर ठेवा, जादा तेल उतरतं. मग एक भाग रंगाला एक भाग टर्पेंटाइन, खिडकी उघडी ठेवून. याहून पातळ कराल तर रंगद्रव्याला धरून ठेवणारं तेलच उरत नाही; वाळल्यावर बोट फिरवलं की पावडर हाताला येते. पहिला तासभर पांढऱ्याची ट्यूब उघडू नका. चुकलेला फटकारा मिनिटभराच्या आत चिंधीने टिपा. नंतर डाग जमिनीत मुरतो, प्रशियन निळा तर निघतच नाही. आणि अशा चित्रावर व्हार्निश मारण्याची घाई नको: कोऱ्या जमिनीत ते शिरतं, ती काळवंडते, आणि ज्या उजेडासाठी एवढा खटाटोप केला तोच जातो.

महायुद्धाने त्याचं सगळं विस्कटलं. 1914 मध्ये सैन्यात बोलावणं आलं, अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडल्यावर तो हॉलंडमध्ये नजरकैदेत गेला. डोकेदुखी असह्य होत गेली. निदान झालं वरच्या जबड्याच्या कर्करोगाचं. शस्त्रक्रियांत एक डोळा गेला. 1915 चं, डोळ्यावर काळी पट्टी असलेलं स्वचित्र त्यानंतरचं. 11 जुलै 1916 ला आम्सटरडॅममध्ये तो गेला.

ते स्वचित्र अँटवर्पच्या ललितकला संग्रहालयात आहे, ‘इस्त्री करणारी’सुद्धा तिथेच. गेलात तर चित्रासमोरून बाजूला होऊन कडेने पाहा. रंगाचा थर कुठे संपतो आणि कोरी जमीन कुठे सुरू होते ते तिरप्या उजेडात कळतं. मग त्याच शहरातल्या मिडलहाइमच्या शिल्पबागेत जा. तिथे ‘हेट झोटे गेवेल्ट’ उघड्यावर उभं आहे. सकाळी एकदा पाहा, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा.