पाच एचपीची मोटार, साडेसातचा स्टार्टर

विट्यात मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवणाऱ्याचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. फेब्रुवारीच्या अखेरीस विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते, ऊस आणि बागा तहानेल्या होतात आणि रात्रंदिवस ओढणाऱ्या मोटारी एकामागून एक जळून दुकानाच्या पायरीशी येऊन पडतात. आमचा खानापूर तालुका दुष्काळी म्हणूनच ओळखला जाई. पोटासाठी इथली माणसे सोने-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. माझा सख्खा भाऊही केरळात गलाईचे दुकान चालवतो. मी मात्र वडिलांच्या हाताखाली तारेचे काम शिकलो आणि इथेच राहिलो. 1996 साली काम सुरू झालेल्या टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागात येऊ लागले, त्या पाण्याबरोबर बागा वाढल्या, बागांबरोबर मोटारी वाढल्या आणि न गेलेल्या भावाचाही संसार चालू लागला.

दुकान खाली आणि घर वर असल्यामुळे या धंद्यात घरातले कोणी वेगळे राहत नाही. स्वयंपाक आवरला की माझी पत्नी खाली येऊन कॉइल गुंडाळण्याच्या यंत्रावर बसते. यंत्राला वेढे मोजणारा काटा आहे, तरी ती मनातल्या मनात मोजते आणि काट्याची चूक तिने पकडलेली मी पाहिली आहे. मुलगी वहीत गिऱ्हाइकाचे नाव, एचपी, वायरचा नंबर आणि जुन्या तांब्याचे वजन लिहिते. जुन्या तांब्याची किंमत बिलातून वजा होते, त्यामुळे त्या वजनावरून जितके वाद होतात तितके मजुरीवरून होत नाहीत.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशी आमच्या एका चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. गलाईवाले वर्षभर बाहेर असतात आणि गावी बांधलेल्या मोठ्या घरांना त्यांच्या सवडीनेच मुहूर्त मिळतात, त्यामुळे तिथे न जाणे म्हणजे वर्षभराचे बोलणे ओढवून घेणे. पत्नीने माझा सदरा इस्त्री करून ठेवला होता. सकाळी शटर वर करतो तोच एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून चार मोटारी उतरल्या. चारही जवळच्या एकाच गावच्या, एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या आणि आदल्या रात्री जळालेल्या. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. तो आठवडा रात्रीचा होता.

मोटार जळाली म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट दिसते, काळे झालेले वायंडिंग. आम्हाला त्या काळेपणाची जागा पाहावी लागते. मोटारीतल्या तीन फेजच्या कॉइल एकमेकींना स्टार किंवा डेल्टा या दोनपैकी एका पद्धतीने जोडतात. स्टारमध्ये जोडलेली मोटार चालू असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजच्या कॉइल जळतात आणि तिसऱ्या फेजच्या कॉइल जवळजवळ कोऱ्या राहतात. डेल्टात नेमके उलट होते, एका फेजच्या कॉइल जळतात आणि दोन फेजच्या शाबूत राहतात. कॉइलमध्ये वेढ्याला वेढा चिकटला असेल तर एकाच ठिकाणी खड्डा पडल्यासारखी तार वितळते. ताण जास्त होऊन मोटार जळाली, तर भाकरी सर्व अंगांनी भाजावी तसे संपूर्ण वायंडिंग एकसारखे करपते. गिऱ्हाईक काय सांगते ते मी ऐकून घेतो, पण वहीत कारण लिहितो ते मोटार खोलल्यानंतरच.

टेम्पोतल्या पहिल्या तीन मोटारी खोलल्या. तिन्ही स्टारच्या, तिन्हींत दोन फेज काळे आणि तिसरा स्वच्छ. डीपीवरचा एक फ्यूज रात्री उडाला होता, हे टेम्पोवाल्याने आधीच सांगितले होते. अशा वेळी मोटार बंद पाडण्यासाठी स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो, परंतु व्होल्टेज जरा कमी झाले की तोही मोटार पाडतो आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचा शेतकऱ्याला कंटाळा येतो, म्हणून तारेचा तुकडा टाकून तो डायरेक्ट केलेला असतो. मी याबद्दल कोणालाही बोल लावत नाही. रात्रीच्या चिखलात बांधावरून चालताना साप पायाखाली आलेला माणूस मला प्रिव्हेंटरचे महत्त्व विचारणार नाही.

चौथी मोटार दोन भावांची होती. पाच एचपीची सबमर्सिबल, सामाईक विहिरीतली, एक दिवस थोरल्याची पाळी आणि एक दिवस धाकट्याची. ती जळाली ती रात्र धाकट्याच्या पाळीची होती. टेम्पोबरोबर थोरले आले होते. मोटार अजून खाली उतरायची होती, तोवरच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “मिस्त्री, दोन फेजवर चालवून जाळली आहे, तेवढं फक्त त्याच्यासमोर सांगा. बिल त्याच्याकडून घ्या.” थोड्या वेळाने मोटारसायकलवरून धाकटे आले आणि त्यांच्या मागे बसून त्यांचे वडील, तात्या, आले. तात्या पायरीवर टेकले, काठी आडवी ठेवली आणि एक शब्दही बोलले नाहीत.

थोरल्यांचे म्हणणे मुळीच अशक्य नव्हते. एकाच डीपीवरच्या तीन मोटारी माझ्यासमोर पडल्या होत्या आणि चौथीचेही तेच झाले असणार, असे कोणीही म्हटले असते. परंतु हाताने शाफ्ट फिरवून पाहिला तेव्हा तो नीट फिरेना, ओढून धरल्यासारखा जड जाऊ लागला. आधी पंपाची बाजू सोडवली. पाणी ओढण्याच्या तोंडावरची जाळी एका कडेने फाटलेली होती आणि आत इम्पेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राला, घासत बसलेली दगडाची कपची निघाली. शाफ्टला आधार देणारे बुशही झिजलेले होते. मग मोटार खोलली. वायंडिंग सगळीकडे सारखे करपले होते. एकही फेज कोरा नव्हता. ही मोटार आदल्या रात्रीच्या फ्यूजने जळालेली नव्हती. ती कित्येक दिवस ताणाखाली चालत होती आणि त्या रात्री फक्त संपली.

तसे मी सांगितले तेव्हा थोरल्यांचा चेहरा उतरला आणि धाकट्यांचा आवाज चढला. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. मोटार ताणाने इतके दिवस जास्त अँपिअर घेत असेल, तर जास्त अँपिअर गेले की मोटार बंद पाडणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले का पडला नाही? प्रिव्हेंटर लोक डायरेक्ट करतात, पण रिले बहुधा जागेवर असतो. मी दोघांना म्हणालो की स्टार्टर पाहिल्याशिवाय मी कारण लिहिणार नाही. थोरले गेले, धाकटेही त्यांच्या मागोमाग गेले, कारण स्टार्टरला एकट्या भावाने हात लावलेला दुसऱ्याला चालणार नव्हता. तात्या आणि मी दुकानात उरलो. पत्नीने चहा आणून दिला आणि घड्याळाकडे पाहिले. मी तिला मुलांना घेऊन एसटीने पुढे जायला सांगितले.

स्टार्टर आला. झाकण काढले आणि उत्तर समोर दिसले. रिले नऊ ते चौदा अँपिअरचा होता आणि त्याचा काटा चौदावर होता. पाच एचपीची ही मोटार भर भाराला आठ ते नऊ अँपिअरच्या आसपास घेते. ती घासत घासत बारा अँपिअर घेऊ लागली, तरी चौदावर लावलेल्या रिलेला त्यात काही वावगे वाटणार नव्हते. अँपिअर मीटरचा काटाही एका जागी अडकलेला होता. “हा साडेसातचा स्टार्टर आहे,” मी म्हणालो. तेव्हा पायरीवरून तात्या पहिल्यांदा बोलले. “आधीची मोटार साडेसातचीच होती. नवी पाचची घेतली तेव्हा स्टार्टर चांगला आहे, कशाला बदला, असं दोघंही म्हणाले होते.” दोघांपैकी कोणी ते नाकारले नाही. मोटार बसवणाऱ्याने निदान रिले तरी बदलायला सांगायला हवे होते, पण तो कोण होता हे मी विचारले नाही. दुसऱ्या मिस्त्रीच्या कामावर गिऱ्हाइकासमोर बोलायचे नाही, ही वडिलांची शिस्त मी अजून पाळतो.

वहीत लिहिण्यासाठी म्हणून मी नेहमीचा प्रश्न विचारला, “पाणी कमी कधीपासून पडत होतं?” दोघे एकदमच म्हणाले, “पंधरा दिवस झाले.” थोरल्यांच्या उसाला सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोहोचत नव्हते. धाकट्यांच्या डाळिंबाच्या ठिबकच्या शेवटच्या नळ्या ठिबकत नव्हत्या. प्रत्येकाने आपल्या पाळीच्या दिवशी हे पाहिले होते, पण बांधावरून सुरू झालेल्या एका जुन्या वादामुळे दोघांत बोलणे नव्हते. थोरल्यांची समजूत अशी होती की धाकट्याने कुठेतरी व्हॉल्व्ह दाबून ठेवला आहे, आणि धाकट्यांना वाटत होते की आपल्या पाळीच्या आधी थोरला विहीर उपसून ठेवतो. पाणी कमी पडू लागले तेव्हाच मोटार वर काढली असती, तर कपची काढून, जाळी आणि बुश बदलून फार तर हजार-बाराशेत काम झाले असते. आता सहा हजारांच्या पुढचे काम होते. हे आकडे मी त्यांना जसेच्या तसे सांगितले आणि त्यावर आणखी काही बोललो नाही.

बिल कोणी द्यायचे, हा प्रश्न तरीही राहिलाच. धाकटे म्हणाले की आपली चूक नाही हे सिद्ध झाले आहे, तेव्हा आपण रुपयाही देणार नाही. थोरले म्हणाले की चूक त्यांचीही ठरलेली नाही. दोघेही बरोबर बोलत होते. शेवटी तात्यांनी कोपरीच्या खिशातून दुधाच्या डेअरीचे पुस्तक काढून माझ्यापुढे धरले आणि बिल त्यांच्या नावावर लिहायला सांगितले. म्हशी तात्यांच्या नावावर होत्या आणि दुधाचा पगार अजून त्यांच्याच हाती येत होता. मुलगी एसटीने पुढे गेली होती, म्हणून वही मीच ओढली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: पंपात कपची, जाळी फाटलेली, रिले मोठा. थोरल्यांनी ते वाचून पाहिले. धाकट्यांनीही वाचले.

वास्तुशांतीला मी पोहोचलो तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. केरळातून आलेला माझा भाऊ वाढप्याच्या हातातून भांडे घेऊन मला वाढू लागला. आमची दोन एकर जमीन अजून दोघांच्या नावावर आहे आणि ती मी कसतो. जेवताना मी त्याला आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरचे काही कळेल अशी आशा नसतानाही उगाच विचारून घेतले की यंदा मोटार बदलायची का. तो म्हणाला, तुला कळेल ते कर. या उत्तराने मला बरे वाटले आणि थोडी धास्तीही वाटली, कारण सगळेच मला कळेल ते मी वर्षानुवर्षे करत आलो आहे आणि त्याच्या मुलांनी ते कधी विचारलेले नाही.

दोन्ही भावांची ती मोटार नवे वायंडिंग करून पाण्यात गेली. पुढच्या दिवाळीनंतर धाकट्यांनी स्वतंत्र मोटार घेतली, कनेक्शनही वेगळे केले, आणि आता एका विहिरीत दोन मोटारी सोडलेल्या आहेत. पाणी तेवढेच आहे, त्यामुळे दोन्ही मोटारी मिळून पूर्वीच्या एका मोटारीइतकेच चालतात. धाकट्यांची मोटार सोडायला मी स्वतः गेलो होतो. थोरल्यांनी हाक मारून त्यांचाही स्टार्टर पाहून जायला सांगितले. दोन्हींत सहा ते दहाचा रिले बसवून काटा नऊवर लावला आणि झाकणाच्या आतल्या अंगाला मोटारीचा एचपी आणि अँपिअर तांबड्या रंगाने लिहून दिले.