वॅगनआरचे शॉकअप बदलले, आईच्या कमरेसाठी

आमची वॅगनआर २०१२ ची, एक लाखाच्या वर किलोमीटर झालेत, इंजिन अजून मस्त चालतंय. पण गेल्या पावसाळ्यापासून कराडहून पाटणला मामाकडे जायचा विषय निघाला की आई म्हणायची, "तुम्ही जावा, मी घरीच बरी." तिला मणक्याचा त्रास आहे, ती मागच्या सीटवर बसते, आणि मागं प्रत्येक खड्डा दोनदा लागायचा, एकदा चाक खड्ड्यात गेलं की आणि परत एकदा गाडी उसळून खाली बसली की. पुढं बसून चालवणाऱ्याला हे कळत नाही. मलाही कळलं नव्हतं, एक दिवस बायकोला चालवायला दिली आणि स्वतः मागं बसलो तेव्हा समजलं आई काय सहन करत होती.

तो दुसरा दणका शॉकअपचा. आपण म्हणतो शॉकअप गचके खातो, पण गचका खाते ती स्प्रिंग, आणि दबलेली स्प्रिंग परत उसळणारच, तिला तिथंच आवरायचं काम शॉकअपचं. आत ऑईल असतं, त्यातून पिस्टन बारीक भोकांमधून आणि व्हॉल्व्हमधून ऑईल ढकलत वरखाली होतो, आणि त्या ओढाताणीत उसळीची ताकद उष्णता होऊन जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट तरी लागतो. आमच्या मागच्या दोन्हींपैकी एक गारच होता आणि दुसरा ऑईलनं ओलाचिंब, त्यावर धूळ बसून चिखलासारखा थर झालेला. नुसता हलका घाम दिसला तर घाबरायचं कारण नसतं, पण ओघळ दिसला की तो गेला. डिकीवर जोर देऊन सोडली की गाडी एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, आमची तीन वेळा झुलत होती.

माझं बजेट होतं दहा हजार, सगळं धरून. आणि इथं मी पहिली चूक केली ती मुद्दाम लिहितो कारण बरेच जण हेच करतात. एका दुकानात "कंपनीचाच माल, रिकंडिशन" म्हणून मागची जोडी निम्म्या किमतीत मिळाली, बाहेरून चकचकीत रंग, म्हटलं पैसे वाचले. तीन महिन्यांत दोन्ही गळायला लागले. जुन्या नळीत नवीन ऑईल भरून सील मारलेलं असतं, आतला व्हॉल्व्ह झिजलेला तो झिजलेलाच राहतो आणि पिस्टनच्या दांड्यावर ओरखडे असतील तर नवीन सील पण टिकत नाही. मजुरी दोनदा गेली ती वेगळीच.

दुसऱ्यांदा मग नीट चौकशी केली. एकानं सांगितलं गॅसचे हेवी ड्युटी टाक, एकानं सांगितलं स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसव, स्वस्तात काम होतं. बफरच्या नादाला लागू नका असं मी मनापासून सांगेन, त्यानं गाडी वर उचललेली दिसते पण स्प्रिंगचे काही वेटोळे कामच करेनासे होतात, गाडी आणखी कडक होते, म्हणजे पाठीला त्रास जास्त. गॅसचं थोडं समजून घ्यायला पाहिजे. ऑईलच्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर सतत वरखाली होऊन ऑईलला फेस येतो आणि पकड सुटते, म्हणून काहींमध्ये नायट्रोजन भरतात, त्या दाबानं फेस कमी होतो. पण दाब जास्त असला की बारीकसारीक खडबडीतपणा अंगाला जास्त जाणवतो. म्हणून आरामच पाहिजे असेल तर कंपनीनं आपल्या मॉडेलला जे दिलंय त्याच मापाचे साधे दोन नळ्यांचे, ऑईलचे नाहीतर कमी दाबाच्या गॅसचे घ्यायचे. मी गॅब्रिएलचे चारही घेतले. कंपनी १९६१ पासूनची, चाकणला कारखाना, मारुतीला पण माल पुरवतात. पक्कं बिल घेतलं आणि खोका फोडायच्या आधी होलोग्राम आणि पार्ट नंबर बघितला. बदलायचे तर जोडीनंच, डावा नवा आणि उजवा जुना असला की ब्रेकला आणि वळणाला गाडी वेडीवाकडी वागते.

पैसे कुठं वाचवायचे नाहीत ते सांगतो: पुढच्या स्ट्रटवरचं (म्हणजे स्प्रिंगसकट असलेल्या पुढच्या शॉकअपवरचं) माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंपस्टॉप म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की अडवणारा तुकडा, आणि धूळ अडवणारं रबर. हे जुनंच ठेवलं तर नवीन शॉकअप टाकूनही खडखड तशीच राहते आणि आपण शॉकअपला शिव्या घालतो. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबर) पण आधी हलवून बघायला सांगा, आमचे फुटलेले होते, ते बदलल्यावर अर्धा आवाज तिथंच गेला.

बसवताना मी शेजारी उभा होतो. पुढची स्प्रिंग सोडवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर (हवेचा नव्हे, स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागतो, तो नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम करूच नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खालीवर केला, आडवा पडून आत हवा शिरलेली असते ती निघून जाते. दांड्याला पक्कड लावू दिली नाही पोराला, "ओरखडा उठला की सील गेलं" म्हणाले. आणि मागच्या बुशचे बोल्ट चाकं जमिनीला टेकल्यावर आवळले, जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट.

सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास गेलं, पहिली फसलेली जोडी सोडून.

पण निघालो तर गाडी अजून कडकच! मी वैतागलो होतो. मिस्त्रींनी हवा बघितली तर चारही टायरमध्ये चाळीस पीएसआय, पंपावरचा पोरगा भरेल तेवढी आम्ही भरून घेत होतो. दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्याप्रमाणे टायर गार असताना कमी केली आणि गाडी लगेच मऊ झाली. याला एक रुपया लागला नाही.

परवा आईला घेऊन पाटणला गेलो. वाटेत म्हावशी गावाच्या पुढं तिनं मागून विचारलं, "रस्ता केला काय रे नवीन?" रस्ता तोच आहे. अजून मागच्या सीटचा फोम बसलाय तो बदलायचाय, दिवाळीनंतर बघतो.