पेस्टलमधली फुलं : तरवड झाला, पारिजातक चालू आहे

घटाच्या माळेतली आणि देवपूजेतली फुलं पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, काढायला घेतलीत, त्यातला तरवड पूर्ण झाला. झेंडू होत आलाय. पारिजातक मात्र सगळा वेळ खातोय, आणि मला तो द्यावासाही वाटतोय.

तरवड आमच्या लातूरकडे बांधावर, पडीक माळावर आपोआप येतो. त्याला कुणी पाणी घालत नाही. नवरात्रात घटाला चढणाऱ्या माळेत ही पिवळी फुलं असतात. कमी पावसाच्या मुलखात देवीला जे हमखास मिळतं ते वाहायचं, हा त्या फुलाचा अर्थ मला सगळ्यात जवळचा वाटतो. म्हणून फुलदाणी काढली नाही, तुळजापूरच्या वारीतली परडी समोर ठेवली. पिवळ्याची सावली काळ्याने केली तर ती हिरवट, मळकी दिसते. त्याऐवजी खाली यलो ओकर आणि ऑलिव्ह, त्यावर लेमन यलो, आणि पाकळीच्या कडेला मऊ खडू दाबून एकच ठसा. वाकडे लांब केसर पेस्टल पेन्सिलने काढले.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडे मृतांच्या सणाला त्याच्या पाकळ्या वाटेवर पसरतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. आपण दसऱ्याला त्याचंच तोरण दाराला बांधतो. अर्थ अगदी वेगळे, पण दोन्हीकडे फूल घराच्या वाटेवर आहे! त्यामुळे चित्रात नुसती फुलांची रास न घेता चौकटीचा कोपरा घेतलाय. निळसर करड्या कागदावर केशरी छान उठतो. खोलगट जागी आधी गडद तांबडा-तपकिरी भरला, तो शेवटपर्यंत झाकला नाही.

आता पारिजातक. सतराव्या शतकातल्या डच पुष्पचित्रांत गळालेली पाकळी, कुरतडलेलं पान, एखादा किडा हे आयुष्य क्षणभंगुर असल्याची खूण म्हणून वाचलं जातं. डच चित्रकार राखेल रुईश (१६६४-१७५०) यांच्या तैलचित्रांत फुलं काठावरून कललेली, मलूल होत चाललेली दिसतात. मी बराच काळ त्याच नजरेने फुलं मांडायचे. पारिजातकाला ती नजर लागू पडत नाही. इतर फुलं भुईवर पडली की देवाला चालत नाहीत. हे फूल मात्र असं, की पडलेलंच वेचून वाहायचं. शिवाय ती कथा आहेच : झाड सत्यभामेच्या अंगणात, फुलं रुक्मिणीच्या. म्हणजे इथे गळणं हा शेवट नाही, फूल जिथे पोचायचं तिथे पोचलं.

हे पटल्यावर मांडणीच बदलली. फांदी काढून टाकली. वरचे दोन तृतीयांश नुसती मातीची भिंत, फुलं तिच्या पायथ्याशी, बरीचशी उपडी. उपडी घेतली की केशरी देठ वर येतो, आणि सगळी पांढरी जागा त्या देठांभोवती फिरते. पांढऱ्यासाठी पूर्ण पांढरा खडू फक्त दोन-तीन पाकळ्यांना वापरला, बाकी फिकट निळा-जांभळा आणि मोकळा सोडलेला कागद. बोटाने घासायचं टाळते, कारण घासलं की कागदाचे दात, म्हणजे खडू धरणारा खरखरीतपणा, भरतात आणि पांढऱ्यातला उजेड जातो. फुलं रात्री उमलून पहाटे पडतात आणि ऊन चढलं की कोमेजायला लागतात, त्यामुळे रंगाच्या नोंदी सकाळीच. आकार नंतर फोटोवरून चालतो, रंग नाही.

या चित्राला फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारणार नाही, त्याने पांढरा दबतो आणि रंग गडद होतात. चित्राभोवती जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) लावून काच दूर ठेवीन. काचेऐवजी ॲक्रिलिक नकोच, त्यातल्या स्थिर विजेने भुकटी ओढली जाते.

फुलं पेस्टलमध्ये किती श्वास घेतात हे पाहायचं तर फ्रेंच चित्रकार ओदिलों रदों (१८४०-१९१६) यांची उत्तरकाळातली चित्रं जरूर बघा. आधी वर्षानुवर्षं कोळशाचा काळा, आणि मग हे रंग!

यापुढे धोत्रा. विषारी फूल आणि मान महादेवाचा, म्हणून पार्श्वभूमी गडदच हवी. त्यासाठी काळा पॉलिश पेपर (घासकामाचा खरखरीत कागद) वापरून बघतेय. खडू त्यावर झपाट्याने झिजतो, पण थर भरपूर धरतो. फक्त तो वर्षानुवर्षं टिकावा यासाठी मागे काय चिकटवता, हे वापरणाऱ्यांनी सांगा.