मोहोळ की टोळधाड

लातुरात राज्यशास्त्र शिकवतो. निर्वासितांच्या धड्यावर दरवर्षी तेच होतं. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडं त्यांच्यासाठी वेगळा कायदा नाही, एवढं फळ्यावर आलं की पोरं ते वहीत उतरवतात आणि घड्याळाकडं बघत बसतात. यंदा म्हणून चिठ्ठ्या केल्या. पुढाऱ्यांची विधानं, नाव आणि देश झाकून. नैतिकतेला दहापैकी गुण द्या, आणि का तेही सांगा.

पहिली चिठ्ठी: ‘भूमध्य समुद्र ओलांडून माणसांची टोळधाड येते आहे.’ शून्य, एक, फार तर दोन. “माणसाला किडा म्हणायलाय!” मी मनात खूश.

मागच्या बाकावर तुळजापूरकडचा एक पोरगा बसतो. एरवी हजेरीपुरताच बोलतो. त्यानं विचारलं, “सर, मूळ शब्द काय होता?”

‘स्वॉर्म’, मी म्हटलं. डेव्हिड कॅमेरून, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान, जुलै २०१५.

“मग मोहोळ का नाही लिहिलं? मोहोळ उठलं तर माणूस बाजूला होतो. टोळधाड म्हणजे पीक गेलं. ते पीक तुम्ही घातलंय सर.”

वर्ग हसला. मला हसू येईना. चिठ्ठी लिहिताना पहिला सुचला तोच शब्द ठेवला होता, आणि सुचला तोच का, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग शब्दांवरूनच जुंपली. थवा फार गोड, झुंड चालेल. कुणीतरी ‘लोंढा’ सुचवला तर एक मुलगी फणकारली, “पुण्यात आपल्यालाच लोंढे म्हणतेत की!” त्यावर तुळजापूरवाला हळूच बोलला, की रझाकारांच्या वेळी त्यांचं अख्खं घर रातोरात बार्शीला गेलं होतं. “तिथले लोक काय म्हणले आसतील कुणाला माहीत.”

दुसरी चिठ्ठी अँगेला मर्केल यांची, जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर, ऑगस्ट २०१५, निर्वासितांना घेण्याबद्दल: ‘आपल्याला हे जमेल.’ नऊ, दहा, नऊ. सरपंचाच्या पोरीनं मात्र पाच दिले. “जमेल कुणाला? बोलणारीला का गावाला?” त्या वर्षी जर्मनीत सुमारे ८.९ लाख लोक आश्रयाला आले, राज्याराज्यांत त्यांची वाटणी कराचं उत्पन्न आणि लोकसंख्या बघून होते, असं मी सांगितलं. वाटणीचं सूत्र आधीचं का नंतरचं, एवढंच तिनं विचारलं. आधीचं, म्हटल्यावर सात केले. “पप्पा टँकर मंजूर व्हायच्या आधी पाणी येईल असं कुणाला सांगत नाहीत.”

स्टाफरूममध्ये चिठ्ठ्या चाळताना तुळजापूरवाल्याची सापडली. पेनाने दोन ओळी:

मोहोळ – ३.
टोळधाड – ०, पण हा शून्य सरांचा.