मग ठिवली का?

"मग ठिवली का पटलावर?" काकांनी विचारलं आणि मला काही सांगता येईना.

परभणीच्या घरी लाईट गेलेली. ओसरीवर बसून मी मोबाईलवरून लोकसभेतली प्रश्नोत्तरं वाचून दाखवत होते. आपल्या खासदारांनी वर्षभरात काय काय विचारलं, एवढंच काकांना ऐकायचं होतं. मंत्रिपद नाही, मागचा बाक, टीव्हीवर क्वचित दिसणारा माणूस. तरी पीकविमा, रेल्वे, पाणी, बरंच विचारलेलं निघालं. खरं सांगते, मला एवढी अपेक्षा नव्हती.

एका प्रश्नाला उत्तर होतं, 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' काका तिथंच अडकले.

रात्री शोधून वाचलं. पटलावर ठेवणं म्हणजे सभागृहात रीतसर सादर करणं. असं उत्तर सरकारचं आश्वासन धरतात. ते 3 महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेची वेगळी समिती आहे. दिवसाला तोंडी उत्तरासाठी 20 तारांकित प्रश्न, तेही सोडतीनं. बाकीच्यांना लेखी उत्तर. म्हणजे मागच्या बाकावरच्याच्या हातात बहुतेक वेळा हा कागदच येतो.

मराठवाड्यातून लोकसभेत 8 जण जातात. ते आपल्या घरच्या लग्नाला आले का, हे आपल्याला पाठ असतं. त्यांच्या प्रश्नाचं पुढं काय झालं, हे कोण विचारतं?

सकाळी चहा घेताना काका म्हणाले, "त्या उत्तराची तारीख लिहून ठिव. आपुन परत बघू."