तिसऱ्या खेपेला अजिंठा

अजिंठ्याला मी आधी दोनदा जाऊन आले होते, पण पाहिलं मात्र नव्हतं. पहिल्यांदा शाळेच्या सहलीत. सर पुढे, आम्ही मागे रांगेत, दोन तासांत सगळी लेणी ‘झाली’. लक्षात राहिल्या त्या पायऱ्या आणि माकडं. दुसऱ्यांदा नोकरी लागल्यावर हौसेने एकटी गेले. फर्दापूरच्या फाट्यावर उतरले तेव्हा कळलं की आज सोमवार. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रजेचा अर्ज टाकण्याआधी हे दोन वार बघावेत एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. टपरीवर चहा घेतला आणि आल्या वाटेने जळगावला परतले.

या वेळी मात्र पक्कं ठरवलं होतं की सगळी लेणी बघायची नाहीत. सतरा, दहा, सव्वीस आणि एक, बस्स. वेळ उरला तर सोळा. जायच्या आधी महिनाभर रात्री झोपताना जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, वाचत होते. तिथल्या भिंतींवर खुलासा लिहिलेला नाही, कथा आपल्याला ठाऊक आहे असं धरूनच चितारलेलं आहे.

पहाटे रेल्वेने जळगाव, तिथून एसटीने साधारण साठ किलोमीटर फर्दापूर फाटा. खाजगी गाड्या इथेच थांबतात. धुराचा त्रास लेण्यांना होऊ नये म्हणून पुढचे चार किलोमीटर तिथल्याच बसने जायचं. बसपर्यंत जाताना स्फटिकाचे दगड विकणारे मागे लागतात. वर पायऱ्यांपाशी डोलीवाले असतात, गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना संकोच न करता विचारावं.

पायऱ्या संपल्या की पहिलं लेणं समोरच येतं आणि सगळी गर्दी तिथेच अडते. मी सरळ पुढे चालत राहिले. खाली वाघूर नदी, वर घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा. सतरा नंबरच्या ओसरीत पोचले तेव्हा तिथे जेमतेम चार माणसं होती. चप्पल काढली, आत शिरले आणि काहीच दिसेना. बाहेरच्या उन्हातून आत आलं की भिंत म्हणजे नुसता तपकिरी डाग. शाळेत असताना याच क्षणी आम्ही ‘पुसट झालंय सगळं’ म्हणून बाहेर पडलो असणार.

मी डोळे ताणून बघतेय हे पाहून तिथले पहारेकरी काका म्हणाले, “ताई, खांबाला टेकू नका, नुसत्या उभ्या राहा. घाई करणाऱ्याला इथं काही दिसत नाही.”

राहिले उभी. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढी कोण देतं? दहा मिनिटांनी एक हात दिसला. मग त्या हाताचा माणूस, मग त्याच्या मागचा महाल. वेस्संतर जातक होतं ते. मागेल त्याला मागेल ते देणारा राजपुत्र आधी राज्याचा पांढरा हत्ती देतो आणि शेवटी पोटची मुलंही देतो. मुलं मागून नेणारा जूजक ब्राह्मण त्याच्या दातांवरून ओळखला तेव्हा मी मोठ्याने हसलेच. पण कथेचा क्रम लागेना. डावीकडून उजवीकडे वाचत गेले की सगळा गोंधळ. बराच वेळ गेल्यावर उलगडलं की इथे प्रसंग बऱ्याचदा काळाप्रमाणे लावलेलेच नाहीत, जागेप्रमाणे लावलेत. महालात जे जे घडलं ते महालाशी, रानात घडलं ते रानाशी, मग मधे कितीही काळ गेलेला असो. गावातल्या म्हाताऱ्या वाडा दाखवताना अशाच गोष्टी सांगतात, खोली खोलीने.

आतल्या दालनापाशी भिक्षापात्र घेतलेला बुद्ध आहे, प्रचंड मोठा. त्याच्यासमोर यशोधरा आणि राहुल, अगदी लहान. त्या चित्राबद्दल मला काही लिहिता येणार नाही.

रंगांचं वाचून गेले होते, त्यामुळे निळा शोधत होते. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि झाडांचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना यांसाठी फार लांब जावं लागत नाही. निळा मात्र लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रांत तो आहे, सर्वांत जुन्या चित्रांत नाही.

ती जुनी चित्रं दहामध्ये. हे लेणं इसवी सनापूर्वीचं. लेण्यांचे नंबर नुसते वाटेने घातलेत, वयाने नाही. षड्दंत हत्तीची कथा इथे भिंतीवर आहे आणि खरं सांगायचं तर मला ती दिसली नाही. दोन-तीन आकार हत्तीचे वाटले, बाकी मीच मनाने भरलं. एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेलं नाव आहे, माणसाच्या डोक्याहून वर. तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं. आज कुणी असं केलं तर त्याला पकडतील, याचं नाव मात्र गाइड कौतुकाने दाखवतात.

सव्वीसमध्ये निजलेला बुद्ध, जवळजवळ सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य. तिथे फार थांबले नाही. शिल्प उजेडात लगेच कळतं आणि माझा जीव चित्रांत अडकलेला.

चार वाजता एक नंबरला आले. गर्दी ओसरली होती, तरी पद्मपाणीसमोर, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, मोबाइल उंचावलेलेच. फ्लॅशला बंदी आहे, तरी एकाचा उडाला आणि पहारेकऱ्याने त्याला चांगलंच झापलं. तो लखलखाट माझ्याही डोळ्यांत गेला आणि भिंत पुन्हा काळी. मी परत मुकाट उभी राहिले. आधी मुकुट आला, मग खाली झुकलेल्या पापण्या आणि सर्वांत शेवटी हातातलं निळं कमळ. तेवढ्यात शिट्टी झाली.

सोळा नंबर राहिलंच.