नंबर कशाला हवा, ते आधी सांगितलं

नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्राचं ॲप मी आणि माझ्या मैत्रिणीने बनवलं. ॲप उघडून बघणारे रोज दिसायचे, खातं उघडणारे मात्र अगदी मोजके. दोन आठवडे मी बटणाचा रंग बदलत बसले. काही फरक पडला नाही.

मग एका शनिवारी केंद्राच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिले. डबा न्यायला आलेल्या एका काकूंना म्हटलं, "काकू, जरा ॲप उघडून बघता?" पहिल्याच पानावर 'खाते तयार करा', खाली नाव, ईमेल, जन्मतारीख, मोबाईल. काकूंनी फोन पर्समध्ये टाकला. "अगं, आज भाजी कुठली एवढंच बघायचं होतं. त्याला जन्मतारीख कशाला? आणि नंबर दिला की कर्जवाल्यांचे फोन सुरू होतात."

जन्मतारीख आणि ईमेल आम्हाला लागतच नव्हते. त्याच रात्री काढून टाकले. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: कामापुरतीच माहिती मागा, आणि ती कशासाठी ते साध्या भाषेत सांगा. मेनू सगळ्यांना दिसू लागला. नंबर विचारायचा तो डबा निवडून झाल्यावरच.

शब्दांवर मात्र चार संध्याकाळी गेल्या. 'नोंदणी करून फायदे मिळवा' यात फायदे कसले, ते आम्हालाच सांगता येईना. शेवटी नंबरच्या रकान्यावर लिहिलं: 'डबा खाली आला की फोन करायला नंबर हवा. जाहिरातीसाठी वापरणार नाही.' दुसरं वाक्य टाकण्याआधी मालकांकडून शब्द घेतला. त्यांना सणासुदीच्या ऑफर पाठवायच्या होत्या. बरीच समजूत काढावी लागली, पण खोटं आश्वासन मी लिहिणार नव्हते.

ओटीपीचा एसएमएसही मराठीत हवा होता. इंग्रजीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'कृपया' गेलं, 'आपला' गेलं. शिवाय डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमस-नोंदणी व्यवस्थेत, मंजूर झालेल्या साच्याबाहेर मजकूर गेला की मेसेज अडतो, म्हणून नवा साचा मंजूर होईपर्यंत जुनाच चालवला.

पुढच्या आठवड्यात नवी खाती उघडू लागली. त्यात काकूंचंही होतं. पत्त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'लिफ्ट बंद असते, खालूनच फोन करा.'